बाहेरची कडी

रेशमाने आपला डावा हात उचलून माझ्या हातावर ठेवला, तेव्हा आम्ही दोघे मिळून पाटीवर 'ग' काढत होतो. पहिलीचा वर्ग, एप्रिलातली सकाळची शाळा, पत्र्यावर ऊन चढायला लागलेले. मी तिच्या मागे वाकून तिची मूठ माझ्या मुठीत धरली होती. तीस वर्षे मी मुलांना असेच लिहायला शिकवत आलो. आधी मुलाचा हात काठीसारखा ताठ असतो, मग मनगट सैल होते, आणि मग एक क्षण असा येतो की हात त्याचा तोच चालत असतो, आपण नुसते वर टेकलेले असतो. त्या क्षणासाठी मी मास्तरकी केली असे म्हटले तरी चालेल. त्या शुक्रवारी तो क्षण आला नाही. काना खाली येताना दोनदा हलला. मी पुसला, पुन्हा काढायला घेतला, पुन्हा हलला. मग तिने मान वर न करता डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि दाबला. ही तेरसिंगची मुलगी, संक्रांतीनंतर शाळेत नाव घातलेली. सातपुड्यातून शेतकामाला आलेले आणि आमच्या गावातच राहिलेले घर, दारात कोंबड्या. थरथरणारे पिल्लू धरावे, फार घट्ट नाही, फार सैल नाही, तसा तिने माझा हात धरला आणि काना सरळ खाली उतरला. "झालं, गुरुजी," ती म्हणाली आणि पाटी घेऊन बाजूला सरकली. वर्गात कुणी हसले नाही, हेच मला लागले. म्हणजे त्यांना ते नवीन नव्हते. किती दिवस ही पोरे माझा हात बघत होती, आणि आपापसात न बोलता सांभाळून घेत होती, कोण जाणे.

मला वाटायचे कुणाला कळत नाही. पहाटे तोंड धुतल्यावर दारूची एक चपटी, शाळा सुटल्यावर एक, संध्याकाळी एक, झोपताना एक; आणि दिवसभर तोंडात वेलदोडा. दोंडाईच्याच्या दुकानदाराला वाटत असावे की या मास्तराच्या घरी रोज गोडधोड होते. मागच्या दिवाळीत एक बाई मला कौतुकाने सांगत होती, तिच्याकडे खीर शिजत होती आणि पोरगा चुलीपाशी येऊन म्हणाला, गुरुजींचा वास येतोय. ती हसली, मीही हसलो. त्या हसण्यावर मी आणखी सहा महिने काढले. माणूस कशावर दिवस काढील हे सांगता येत नाही. पण रेशमाच्या हातावर मला एक दिवसही काढता आला नाही. सायकलवरून घरी येताना तिच्या पाच बोटांचा दाब हाताच्या पाठीवर तसाच होता, आणि त्याने सुटल्यासारखे वाटण्याऐवजी थकल्यासारखे वाटत होते, फार दिवस धरून ठेवलेले ओझे दुसऱ्या कुणी बघितले की वाटते तसे.

शनिवारी मी धुळ्याला गेलो. पाचव्या गल्लीत डॉक्टर बोरसे यांचा सहा खाटांचा दवाखाना आहे, दारू सोडवायचे औषध करतात, असे मी कुणाच्या तरी बोलण्यात ऐकून ठेवले होते. ऐकले होते तीन वर्षांपूर्वी. त्या दिवशी पहाटे मी बाटलीला हात लावला नाही. परीक्षेला निघालेले मूल अंघोळ करून धुतलेला सदरा घालते, तसे मला डॉक्टरांपुढे कोरे जायचे होते. सोनगीर येईपर्यंत सदरा पाठीला चिकटला. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा जबडा आपोआप आपटत होता आणि उन्हाच्या दिवसात मला थंडी वाजत होती. दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या समोरच्या भिंतीवरचा कॅलेंडरचा कागद हलतो आहे की मी हलतो आहे, हे मी बराच वेळ ठरवत बसलो.

डॉक्टर माझ्याच वयाचे निघाले, पन्नाशीच्या पुढचे, डोळ्यांखाली काळे, रोज तेच ऐकून ऐकून आवाज सपाट झालेला. किती, कधीपासून, सकाळी उठल्या उठल्या लागते का, असे त्यांनी विचारले. मी दिवसाच्या चार चपट्या सांगितल्या. त्यांनी लिहून घेतले, काही वाटल्याचे दाखवले नाही. मग शेवटची कधी घेतली, असे विचारले.

"काल रात्री. आज एक थेंबही नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला. गृहपाठ पुरा करून आलेल्या मुलाचा आवाज तो. शाबासकीसाठी पाठ पुढे करणारा.

डॉक्टरांनी माझे मनगट धरले, घड्याळाकडे बघत राहिले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला बंद करायला?"

मला वाटले मी चुकीचे ऐकले. त्यांनी सगळे सावकाश समजावून सांगितले, आणि खरे सांगायचे तर त्यांची समजावण्याची पद्धत चांगली होती. शरीर इतकी वर्षे दारूवर चालले आहे. ती एकदम काढून घेतली की शरीर उधळते. घाम, थरथर, मग भ्रम, मग फिट. माणूस जातोसुद्धा. सोडायची तर आहेच, पण इथे, खाटेवर, सुया आणि गोळ्या देऊन, तिच्या जागी औषध ठेवून मग ते औषध दिवसागणिक उतरवत न्यायचे. मी मान डोलावत होतो. मी मुलांना वजाबाकी चिंचोक्यांवर शिकवतो. हाताशी चिंचोके असतात तोवर मूल निर्धास्त असते. एक दिवस सगळे चिंचोके उचलून घेतले तर ते बोटे मोजायलाही विसरते. मी कधीच एकदम उचलत नाही. हे मला ठाऊक होते आणि तरी ठाऊक नव्हते.

खाट मंगळवारी रिकामी होणार होती. तोवर रोज जेवढी तेवढीच घ्यायची, चार वेळा वाटून, चुकवायची नाही. कमी करायची हुशारी घरी करायची नाही. जेवण करायचे, सायकल चालवायची नाही, शाळेत जायचे नाही. घरी न्यायला गोळ्या ते देणार नव्हते, गोळी आणि दारू पोटात एकत्र झाली तर श्वास थांबतो म्हणाले. फिट आली किंवा भलतेच बोलायला लागलात तर मंगळवारची वाट न बघता मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना. त्यांनी हे सगळे एका कागदावर लिहिले, खाली सही केली. "आणि आत्ता इथून बाहेर पडलात की आधी घ्या," ते म्हणाले. "स्टँडवर पोचायच्या आत."

मी कागद घडी करून खिशात ठेवत होतो तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, घरात आणखी कुणी पीत होते का.

"मोठा भाऊ. अभिमन."

"काय झालं त्यांचं?"

"त्याने सोडली," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी गेला."

डॉक्टरांचे पेन थांबले. घाम सुटला होता का, त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. अंगावर, भिंतीवर काही दिसत होते का. मुंग्या, मी म्हणालो. फिट आली होती का.

"मी दाराबाहेर होतो," मी म्हणालो.

त्यांनी पेनाचे टोपण लावले. मग म्हणाले, तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते हो, गुरुजी. डॉक्टर फार चांगला माणूस. मला त्यांचा राग आला.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. सांगितल्याप्रमाणे मी स्टँडच्या आधी घेतली होती, डॉक्टरांनी लिहून दिलेली, आयुष्यात पहिल्यांदा परवानगीने, आणि तिला काही चव नव्हती. हात शांत झाले. डोके शांत झाले नाही. अभिमन माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मालधक्क्यावर पोती उचलून त्याने मला जळगावला मास्तरकीच्या शिक्षणाला ठेवले. मी सुटीत घरी आलो की ओट्यावर बसून त्याला अक्षरे शिकवायचो. एवढा दांडगा माणूस, पण पेन्सिल धरली की जीभ बाहेर काढायचा. त्याची मूठ माझ्या मुठीत मावत नव्हती. सन एकसष्टच्या जयंतीला आमच्या वस्तीत नवाच बांधलेला विहार होता, कुडाच्या भिंती आणि वर कौले, आणि आम्ही सगळे तरुण होतो. मी सव्वीस वर्षांचा, वस्तीतला पहिला शिकलेला. मीच सुचवले की पाचवे शील नुसते तोंडाने म्हणायचे नाही. वही करायची, आणि जो दारू सोडील त्याने वहीत सही करायची, अंगठा चालणार नाही. पहिली सही अभिमनची. त्याने पानभर मोठ्या अक्षरांत, डोक्यावरची रेघ सरळ ओढून आपले नाव लिहिले आणि माझ्याकडे बघितले, बरोबर आहे का अशा नजरेने. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तो कापायला लागला. मी त्याला आतल्या खोलीत घातले आणि बाहेरून कडी लावली. हे शिक्षा म्हणून नव्हे. मुलाचा पाय घसरू नये म्हणून आपण हात धरतो, तसे मला वाटत होते.

"सुका, दार उघाड रे," तो म्हणायचा. शिव्या दिल्या नाहीत. "मना आंगवर मुंग्या शेत. बघ तरी." माझी माय दाराशी बसून होती. ती म्हणाली, घोटभर दे त्याला, मग सोडील हळूहळू. तिला एक अक्षर येत नव्हते. मी तिला शपथेचा अर्थ समजावून सांगितला. मला समजावून सांगणे चांगले जमते. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला, पाय घासल्यासारखा, मग शांत झाले, आणि मला वाटले, झोपला एकदाचा. मी मायला खूण केली, झोपू दे. आम्ही दोघेही पाय न वाजवता तिथून उठलो.

लोक म्हणाले, प्राण सोडला पण शपथ सोडली नाही. वस्तीतले वडीलधारे देवचंद आबा, त्यांनी विहारात त्याचा फोटो लावला. तेव्हापासून दर जयंतीला सकाळी ती वही काढतात, अभिमनची गोष्ट सांगतात, मग ज्याला सोडायची तो पुढे येऊन सही करतो. गोष्ट सांगतो मी. सव्वीस वर्षे मीच. मला चांगली जमते, बायका रडतात. मी स्वतः प्यायला लागलो ते त्याच वर्षी, दिवाळीनंतर, आणि एकदाही मला त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवाव्याशा वाटल्या नाहीत. वहीत नंतर किती सह्या झाल्या, त्यातले कितीजण दुसऱ्या दिवशी लपून प्यायले आणि म्हणून जगले, आणि कोण नाही जगले, हे बसच्या खिडकीत मी आठवत होतो. वहीत सही केलेला झुलाल आठवला. त्याच्याबद्दल लोक म्हणाले होते उन्हाने गेला.

घरी आल्यावर मी कागद लिलाबाईच्या हातात दिला. माझी बायको वाचायला माझ्याकडेच शिकली, लग्नानंतर. तिने माझ्या बाटल्या फोडल्या आहेत, उकिरड्यात ओतल्या आहेत, एकदा भरलेली बाटली घेऊन ती माहेरी निघून गेली होती, बाटली तिथे असली म्हणजे मी येईन म्हणून. तिने कागद दोनदा वाचला. मग विचारले, हे डॉक्टरनंच लिहिले का. सही बघितली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरे झाले असते. तिथे नुसता शीण होता, दुपारी भांडी घासून उठताना बाईच्या पाठीत असतो तसा.

"तुमी ओतू नका," ती म्हणाली. "मी ओतते."

आणि ती ओतायला लागली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे झाकण होते, रेघा असलेले. त्याने मोजून स्टीलच्या पेल्यात, पदर नाकाला लावून, माझ्याकडे पाठ करून. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपायच्या आधी. आधी भाकर पुढे ठेवायची, मग पेला. पंचवीस वर्षांत आम्ही इतक्या वेळा समोरासमोर बसलो नव्हतो. सोमवारी मी हेडमास्तर जीवराम यांच्याकडे रजेचा अर्ज पाठवला. अर्जावरचे माझे अक्षर मी बघितले आणि तो पुन्हा लिहिला नाही, तसाच पाठवला. मला मुलांची आठवण होत होती, विशेषतः रेशमाच्या 'ग'ची. त्यानंतर 'म' घ्यायचा होता.

सोमवारी संध्याकाळी देवचंद आबा स्वतः येऊन गेले. यंदा चिंधा सही करणार होता. रुक्माबाईचा मुलगा, तिशीचा, तोही मालधक्क्यावर. मी त्याला चौथीपर्यंत शिकवला होता. आबा खूश होते, म्हणाले गुरुजी, यंदा गोष्ट अशी सांगा की पोराच्या काळजात बसली पाहिजे. मी त्यांना डॉक्टरांचे म्हणणे सांगू लागलो. आबा ऐकत होते आणि माझ्या पेल्याकडे बघत होते. डॉक्टर लोक काय, म्हणाले, पैशाला काहीही लिहून देतील. उठताना त्यांनी लिलाबाईला विचारले, अक्का, तू ओतून देतेस याला? ते गेल्यावर तिने ओट्यावरची पायताणाची माती झाडली, जरा जास्तच जोरात.

मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी मी विहारात उभा राहिलो. सकाळचे माप घेतलेले होते. वेलदोडा खाल्ला नव्हता. लिलाबाईने डबी पुढे केली होती, मी नको म्हणालो. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, निळे झेंडे घेतलेली पोरे, पुढच्या रांगेत चिंधा अंघोळ करून, नवा सदरा घालून. त्याचा जबडा हलत होता. अभिमनचा फोटो हार घालून मध्ये ठेवला होता. मी नेहमीसारखी सुरुवात केली, पोत्यांपासून, पेन्सिलीपासून. मग म्हणालो की अभिमन शपथेने मेला नाही. तो आजाराने मेला, त्या आजाराला औषध आहे, आणि दार मी लावले होते. तो मला बोलावत होता, आणि मी उघडले नाही. त्यानंतर मला काय काय सांगायचे होते, एकदम बंद करू नका, डॉक्टरकडे जा, मी स्वतः आज चाललो आहे. पण वाक्ये एकामागून एक येत नव्हती. मुलांपुढे कधी असे झाले नव्हते. कुणीतरी मागे हसले. देवचंद आबा उठून जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बसा आता गुरुजी. तोंडाचा वास येतोय." त्यांचेही खोटे नव्हते. मी बसलो. वही आली. चिंधाने सही केली, डोक्यावरची रेघ हलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी बघत राहिलो की याचा 'ध' अजून मी शिकवला तसाच आहे.

दहाची गाडी होती. स्टँडवर लिलाबाईने मला खिडकीशी बसवले आणि पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत माझे दोन सदरे, डॉक्टरांचा कागद, रेघांचे झाकण, आणि फडक्यात गुंडाळलेली दुपारची चपटी. वाटेत गाडी बंद पडली तर असावी म्हणून. मला काही वाटत नव्हते. सांगून झाल्यावर हलके वाटते म्हणतात, तसे काही झाले नाही. उलट इतकी वर्षे ती गोष्ट मी रचून सांगत होतो तेव्हा अभिमन माझ्याजवळ असायचा. आता तो दाराआड एकटा होता.

ड्रायव्हर चढला तेव्हा रुक्माबाई खिडकीखाली आली. पळत आली होती, पांढऱ्या साडीचा काठ धुळीने माखला होता. तिने आधी लिलाबाईकडे बघितले, मग माझ्याकडे.

"गुरुजी, बठ्ठा म्हनतस तुमी पेयेल शेतस."

"शे, माय," मी म्हणालो. सगळे म्हणत होते ते खरेच होते.

तिला त्याचे काही वाटलेले दिसले नाही. "चिंध्याना हात कापी ऱ्हायनात," ती म्हणाली. "आबा म्हने, कोठडीमा घाल आन बाहेरथून कडी लाव." ती खिडकीच्या गजांवर ठेवलेले माझे हात बघत होती. जोखावे तसे बघत होती. "लावू का नको?"

सव्वीस वर्षांत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, नको लावू. एकच्या गाडीने त्याला धुळ्याला आण, पाचवी गल्ली, बोरसे डॉक्टर, मी तिथेच आहे. खाट नसली तर सरकारी दवाखान्यात नेऊ. तोवर त्याला एकटे ठेवू नको. आणि तोवर थोडी दे त्याला. ती म्हणाली, कोण देणार, दुकान आज बंद, आणि वस्तीत आजच्या दिवशी कुणाकडे मागू.

गाडी सुरू झाली होती, पत्रा थरथरत होता. लिलाबाईने पिशवीत हात घातला. फडके सोडले नाही, तसेच गुंडाळलेले खिडकीतून खाली दिले, आणि त्याच्यावर ते रेघांचे झाकण ठेवले. "मोजीसन दे," ती म्हणाली. "आधी भाकर खाऊ घाल."

रुक्माबाईने ते पदराखाली घेतले. ती वळली आणि निळ्या झेंड्यांच्या खालून वस्तीकडे चालू लागली, मग पळू लागली, एक हात पोटाशी धरून. दारात ती पोचेल तेव्हा आबा तिथे असतील, बायका असतील. तिला काय काय ऐकावे लागेल ते मला खिडकीत बसून ऐकू येत होते. तरी ती पळत होती.

आता धुळे येईपर्यंत आमच्याजवळ काही नव्हते. कंडक्टरने घंटी मारली. मी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. ते हलायला लागले होते. लिलाबाई ते बघत होती, मीही बघत होतो, आणि आम्ही ते झाकले नाहीत.